फिकट मास्तर

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मंडळींत त्यांना सगळे फिकट मास्तर म्हणत. नाव उगाच पडलं नव्हतं. बाकीचे कॅमेरावाले तयार रंगाच्या सेटिंगवर शूटिंग करून मोकळे होत. मास्तर मात्र ‘लॉग’वर अडून बसत. त्या पद्धतीत चित्र मुद्दाम फिकं, राखाडी उमटतं. पण उजेड-सावलीचे बारकावे आत शाबूत राहतात आणि हवा तो रंग मागाहून चढवता येतो. फाईल जड होते, काम दुप्पट होतं. नवरीचा बाप कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून म्हणायचा, “मास्तर, आमची पोरगी आजारी दिसतेय हो!”

“आत्ता कच्चं आहे. शिजल्यावर बोला,” मास्तर म्हणायचे.

आणि शिजवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. रडून रडून तोंड सुजलेल्या नवरीलाही ते असं खुलवत, की तिची सख्खी आईसुद्धा तोंडात बोट घाली.

मास्तरांची आई लवकर गेली. त्यांना वाढवलं थोरल्या बहिणीनं; पहिला कॅमेराही तिनंच घेऊन दिला. ती ताई आता यकृताच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती. चेहरा, नखं, डोळ्यांचं पांढरंसुद्धा पिवळं पडलं होतं. एकुलती एक लेक परदेशात, नव्या नोकरीवर. तिच्याशी बोलताना ताई व्हिडिओ म्हणून सुरू करत नसे. “नेट नाही गं चालत,” हे ठरलेलं. शेवटी लेकीनं हट्टच धरला, “चेहरा दाखव, नाहीतर मी असेन तशी निघते.”

ताईनं मास्तरांना बोलावून घेतलं. खिडकीपाशी उशांना टेकून ती बसली, खांद्यावर रोजची हिरवी शाल.

“माझं शूटिंग कर आणि तिला पाठव. नवरीमुलींना लावतोस ना, तसा रंग लाव मला.”

“ताई, तिला खरं कळायला नको?”

“डॉक्टर म्हणालेत, अजून दोन-तीन महिने आहेत. तिची नोकरी पक्की होऊ दे, मग सांगू. ऐकणार आहेस ना माझं?”

मास्तरांनी उभ्या आयुष्यात ताईचा शब्द मोडला नव्हता. क्षणभर त्यांच्या मनात आलं, आज तयार रंगावरच करावं. मग नंतर फारसं काही बदलताच येणार नाही, आणि जमलं नाही म्हणायला निमित्त मिळेल. बोट तिथवर गेलंही. पण ताई बघत होती. त्यांनी नेहमीसारखा लॉग लावला.

घरी येऊन त्यांनी पिवळा रंग काढला, गालांवर लाली आणली, डोळे निवळवले. या खटाटोपात शाल निळी झाली. शालीकडे कोण बघतंय, म्हणून त्यांनी ती तशीच सोडली. कोंड्याचा मांडा करावा तो मास्तरांनीच!

भाचीचा निरोप आला, “मामा, आई किती छान दिसतेय रे! माझा जीव भांड्यात पडला.” तिनं येणं पुढे ढकललं. आणि दोन-तीन महिने म्हणता म्हणता ताई महिन्याच्या आतच गेली.

भाची आली ती आईच्या रिकाम्या पलंगापाशी. मास्तर तिला तोंड चुकवत राहिले. भेकडपणाच तो, दुसरं काय. शेवटी एका दुपारी तीच त्यांच्या एडिटिंगच्या खोलीत येऊन उभी राहिली. हातात शाल होती.

“मामा, ही हिरवी आहे. तुझ्या व्हिडिओत निळी होती.”

मास्तरांना तोंड वर करवेना. त्यांनी मूळ फाईल उघडली. पडद्यावर राखाडी ताई आली.

“अशी दिसत होती आई?”

“नाही गं. अशीही नाही.”

“मग कशी, ते दाखव.”

मास्तर आठवून आठवून रंग लावू लागले, पण हात सवयीनं लालीकडेच वळत होता. त्यांना स्वतःचीच चीड आली. “खिडकी उघड,” ते म्हणाले, “आणि शाल पडद्याशेजारी उजेडात धर.”

आता त्यांनी चेहऱ्याकडे बघायचंच सोडलं. फक्त शाल. पडद्यावरची शाल आधी मळकट, मग शेवाळी, मग हळूहळू भाचीच्या हातातल्या शालीसारखी झाली. दोन्हींत फरक दिसेना, तेव्हा त्यांनी हात काढून घेतला.

“आता बघ.”

चेहरा पिवळा होता. डोळेही. ताई शेवटी होती तशीच होती, आणि लेकीसाठी हसत होती.

भाची बराच वेळ बघत राहिली. “हे पाहिलं असतं तर मी त्याच दिवशी निघाले असते.”

“माहीत होतं.”

“आईला?”

“तिलाही. आणि मलाही,” मास्तर म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडू लागले.

भाचीनं त्यांची समजूत घातली नाही. तिनं शाल अंगाभोवती घेतली, खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि म्हणाली, “पहिल्यापासून लाव.”