मूळ आडनाव

"ए मागच्या खोलीतली, तू ये."

सर मला नावाने हाक मारत नसत. फळ्यावर त्यांनी दहा लाख एक लिहिले होते. एक, पाच शून्यं, पुन्हा एक. ही मूळ संख्या आहे का ते सांग, म्हणाले. मी नववीत होते. खडू हातातून निसटत होता.

भीती गणिताची नव्हती, सरांची होती. नाशिकरोडला त्यांच्या बंगल्यात वर क्लास आणि मागच्या खोलीत आम्ही, भाड्याने. बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे राख उपसायचे. आमचं आडनाव ऐकलं की कुठलीही खोली आधीच दुसऱ्याला दिलेली निघायची. म्हणून इथे बाबांनी गावाच्या नावाला 'कर' जोडून सांगितलं होतं. कुणी विचारलं तर तेवढंच सांग, आई रोज बजावायची. दार वाजलं तरी मी आधी आईकडे बघायचे.

मी भाग देत गेले. तीनने नाही, सातने नाही. अकरा, तेरा, सतरा, सगळीकडे बाकी उरत होती. शंभराच्या आतल्या मूळ संख्या संपल्या. पोरं जांभया देऊ लागली. मग एकशे एकने भाग गेला. नऊ हजार नऊशे एक वेळा, बाकी शून्य. मूळ नाही सर, मी म्हणाले.

शाबासकी मिळेल असं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. सरांनी विचारलं, कुणी शिकवलं हे? मीच केलं, मी म्हणाले. ते हसले.

"संख्येचं मूळ काढलंस, आता तुझं काढ. ते 'कर' गावाचं झालं. मूळ आडनाव काय?"

वर्ग खोखो हसला. डोळ्यांसमोर आई दिसली, बांधलेली भांडी दिसली, पुन्हा सामान भरलेला टेम्पो दिसला. गावाचंच आडनाव पुन्हा सांगितलं असतं तर निभावलं असतं. पण सरांना बहुतेक सगळं कळलेलं होतं. त्यांना उत्तर नको होतं, मला खोटं बोलताना बघायचं होतं. ते लक्षात आलं आणि मी आडनाव सांगून टाकलं. मोठ्यानं.

संध्याकाळी सरांच्या बायकोने आईला सांगितलं, नातेवाईक येणार आहेत, खोली रिकामी करा. बाबा माझ्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "गप बसता नाय आलं तुला? आता जायचं कुठं आपण?"

आज मी नाशकातच नोकरी करते. खोली बघायला गेले की अजून बेल दाबण्याआधी दोनदा थबकते. ही भीती जाईल असं वाटत नाही. तरी दार उघडलं की आधी आडनाव सांगते, मग खोलीचं विचारते. नाही म्हणायचं असेल तर त्यांनी माझ्या तोंडावर म्हणावं.