दहाव्या मजल्यावरचं झाकण

मी बसवलेल्या दाराच्या फटीत साधा कागद सरकवून दाखवा, अशी मिस्त्री पैज लावायचा. त्या चाळीस मजली टॉवरमध्ये सगळे त्याला 'फटबंद' म्हणत आणि पठ्ठ्याला त्याचा कोण अभिमान! खाली खानावळी, मध्ये ऑफिसं, दहाव्यापासून वर घरं, अशी ती इमारत. तिच्या पोटातून तळापासून गच्चीपर्यंत एक रुंद पोकळी होती. गरम हवा तिच्यातून वर निघून जायची आणि विजेशिवाय सगळे मजले थंड राहायचे. बांधकाम चालू असताना आर्किटेक्टबाईंनी मिस्त्रीलाच बजावलं होतं, "काहीही करा, पण हिला कधी झाकू नका. इमारत हिच्यातून श्वास घेते." बाई पुन्हा फिरकल्या नाहीत. इमारतीला पर्यावरणाचं बक्षीस मात्र मिळालं, ते दर्शनी भिंतीवर काचेत लावलंय.

पुढे खानावळींनी धुराडं बांधायचं टाळलं आणि कोळशाच्या भट्ट्यांचा धूर त्याच पोकळीत सोडला. वरच्या घरांत वास जाऊ लागला. मॅनेजरने मिस्त्रीला बोलावलं.

"दहाव्यावर झाकण टाक. वर वास गेला नाही पाहिजे."

बाईंचे शब्द मिस्त्रीला आठवले नाहीत असं नाही. पण एकदा काम हातात आलं की त्याला दुसरं काही सुचत नसे. प्लायवूडचे दोन थर, कडेने रबर, वरून सिलिकॉन. तीन दिवस खपला. शेवटी मेणबत्ती पेटवून कडेकडेने फिरवली, तर ज्योत हलली नाही. मॅनेजरने पाठ थोपटली.

झाकणाच्या बरोबर खाली, नवव्यावर, टॉवरची लाँड्री होती. खिडकी नाही, पोकळीत उघडणारी एक जाळी तेवढी. तिथे मिस्त्रीची धाकटी बहीण इस्त्री करायची. तिचा नवरा गेल्यावर त्यानेच मॅनेजरच्या हातापाया पडून तिला तिथे चिकटवलं होतं.

चौथ्या दिवशी डबा खाताना ती म्हणाली, "दादा, आमच्या खोलीत गुदमरायला होतं रे. डोकं नुसतं ठणकतं."

"कामाचा कंटाळा आलाय तुला."

"तसं समज. पण तुझं ते झाकण जरासं उचलून तरी बघ."

"उचलायचंच होतं तर लावलं कशाला?" तो हसला. "पंखा लाव."

तिने पंखा लावला. तो बिचारा तीच हवा फिरवत राहिला.

दोन दिवसांनी भरदुपारी ती इस्त्रीच्या टेबलाखाली पडलेली सापडली. खोलीत धूर कोंडला होता. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि हात खाली ठेवला.

तिला खाली नेलं तेव्हा मिस्त्री पहार घेऊन दहाव्यावर गेला. पहार घालायला कुठे जागाच सापडेना. बोटभर फट असती तर टोक तरी शिरलं असतं. स्वतःच्या हातांना शिव्या घालत, रडत, तो संध्याकाळी झाकण फुटेपर्यंत घाव घालत होता.

तिचं हृदयच कमजोर होतं, असं कागदोपत्री ठरलं. आठवड्याभरात वरच्या घरांच्या तक्रारी पुन्हा सुरू झाल्या. मॅनेजरने मिस्त्रीला बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं.

"झालं ते वाईट झालं. पण झाकण परत टाकावं लागेल. या वेळी थोडी फट ठेव."

"फट ठेवून काम मला येत नाही, साहेब," मिस्त्री म्हणाला. हत्यारांची पेटी त्याने टेबलावर ठेवली आणि तो जिन्याने खाली उतरला.