आमच्या घरातला तीस सप्टेंबर

सप्टेंबर महिना शिक्षकाचा जीव खातो. पाच तारखेला शिक्षक दिन, आठला साक्षरता दिन, चौदाला हिंदी दिन, सतराला मुक्तिसंग्राम दिन. प्रत्येक दिनाचा फोटो काढायचा आणि वर पाठवायचा. फोटोत मुलं हसरी हवीत, बॅनर सरळ हवा. आमची शाळा जिल्हा परिषदेची, बेंबळीच्या पुढं एका वाडीत. परिपाठाचा दिनविशेष माझ्याकडं. "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे," असं मोठे सर एकदा म्हणाले आणि चांगल्या अक्षराची शिक्षा मी अजून भोगते आहे. रोज सकाळी फळ्यावर लिहायचं, आज कोण जन्मलं, कोण वारलं, कोण जिंकलं, कुठं काय बुडालं. लिहून लिहून माझं असं मत झालंय की कोरी तारीख म्हणून एकही शिल्लक नाही. एका ओळीत जयंती, खालच्या ओळीत पुण्यतिथी, आणि मुलं दोन्ही एकाच सुरात वाचतात. त्यांची चूक नाही, मीही आता तशीच लिहिते.

तीस सप्टेंबरला मात्र मला काही शोधावं लागत नाही. त्र्याण्णव साली त्या पहाटे आमच्या भागात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गावं उशिरा झोपली होती. माझ्या सासऱ्यांचं गाव लोहारा तालुक्यातलं. ते पिकाच्या राखणीला शेतावर झोपले होते म्हणून वाचले. माझे मिस्टर तेव्हा दहावीला होते, धाराशिवात वसतिगृहावर. घरात सासूबाई होत्या आणि त्यांची धाकटी लेक. दोघी मातीच्या माळवदाखाली गाडल्या गेल्या.

सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. गाव नव्या जागेवर वसलं, आबांना तिथं घरही मिळालं, पण त्यांचं मन लागलं नाही. मुलाला नोकरी लागल्यावर ते धाराशिवातच आले. त्यामुळं आमच्याकडं एकाच दुःखाच्या दोन तारखा आहेत. तिथीप्रमाणं पितृपक्षात दोघींचं पान वाढलं जातं. आणि इंग्रजी तारखेप्रमाणं तीस सप्टेंबरला आबा सकाळच्या पहिल्या एसटीनं भूकंपाच्या स्मारकावर जातात. तिथं साहेब लोक येतात, हार वाहतात, भाषण होतं. आबा मागच्या रांगेत उभे राहतात आणि दिवस कलताना परत येतात. त्या दिवशी घरात कढई चढत नाही, गोड शिजत नाही, टीव्ही लागत नाही. असं करा म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात असंच चालू होतं, मीही धरलं. एक दिवसाचा तर प्रश्न, असं तेव्हा वाटलं होतं.

मग माझी मुलगी त्याच तारखेला जन्मली.

मला कळा सुरू झाल्या त्या एकोणतीसच्या संध्याकाळी. दवाखान्यात सोबतीला आबांची बहीण होती. रात्र सरली तशी ती माझ्या उशाशी बसून म्हणायला लागली, "पोरी, उद्याचा दिवस तेवढा मावळू दे गं. जरा दम धर." मी दम धरून काय धरणार होते? पोटातल्या लेकराला कॅलेंडर कळतं होय! सकाळी नऊच्या सुमाराला मुलगी झाली. नर्सबाईंनी नेहमीप्रमाणं हसत विचारलं, "जिलेबी कधी?" माझ्या मिस्टरांनी खाली बघत सांगितलं, "उद्या वाटू." आबा त्या वेळी स्मारकावर होते. नात झाल्याचं त्यांना फोनवर कळवलं, त्यांनी "बरं झालं" म्हटलं आणि फोन ठेवला. बाळ बघायला ते दुसऱ्या दिवशी आले.

त्या "उद्या"नं आमच्या घरात मुक्कामच ठोकला. दरवर्षी मुलीचा वाढदिवस एक ऑक्टोबरला. केक एक तारखेला, नवा फ्रॉक एक तारखेला, ओवाळणं एक तारखेला. माझा दिनविशेष सांगतो की एक ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिक दिन. मी मनातल्या मनात लेकीला म्हणायचे, बाई, तुझं आणि आबांचं साटंलोटं झालं, तू त्यांचा दिवस घेतलास, त्यांनी तुझा. हे कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलायची सोयच नव्हती. मिस्टरांजवळ विषय काढला की ते म्हणायचे, "आबांना काय वाटेल?" आणि चप्पल घालून बाहेर जायचे. आबांपुढं विषय काढायची माझी छाती नव्हती. मुलगी लहान होती तोवर निभावलं. तीस तारखेला तिला शाळेतून सुट्टी द्यायची, ताप आहे, पाहुणे आहेत, काहीही सांगायचं. ती माझ्याच शाळेत शिकते, त्यामुळं खोटं बोलायला दुसरी बाई लागत नाही.

परवाच्या सप्टेंबरात हे सगळं फिसकटलं. त्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते आणि पटावरचं एकही मूल घरी राहता कामा नये असा मोठ्या सरांचा हुकूम होता. तीस तारीख, पितृपक्ष, तीन दिवसांवर घट बसायचे. घटाच्या आधी घरातलं सगळं धुणं काढायचा आमच्याकडं रिवाज आहे, तर अंगणात भिजवलेल्या गोधड्यांचा ढीग तसाच टाकून मी मुलीला स्कूटीवर मागं बसवलं. मला खरं तर कुठंतरी रस्त्याच्या कडेला गाडी लावून झोपावंसं वाटत होतं.

परिपाठ रोजच्यासारखा झाला. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार. मग दिनविशेष वाचणाऱ्या विद्यार्थिनीनं माझंच अक्षर वाचलं, भूकंपात गेलेल्यांना श्रद्धांजली म्हणून आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू. सगळी शाळा उभी राहिली. आणि स्तब्धता सुटल्या सुटल्या त्याच विद्यार्थिनीनं त्याच सुरात पुढं माझ्या मुलीचं नाव वाचलं, आज हिचा वाढदिवस. वाढदिवसाची नावं नवीन सरांनी कॉम्प्युटरवरून काढून दिली होती आणि माझं तिकडं लक्षच नव्हतं. मुलांनी टाळ्या सुरू केल्या. साहेबही कौतुकानं टाळ्या वाजवायला लागले.

माझी मुलगी रांगेतून पुढं आली. हात मागं बांधले आणि म्हणाली, "माझा आज नसतो सर, उद्या असतो. आज आमच्या घरी दुखवटा असतो."

टाळ्या थांबल्या. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी फळ्याकडं पाहिलं. ती शहाण्यासारखी रांगेत परत गेली. तिला ना रडू आलं होतं, ना राग. मला मात्र इतकी लाज वाटली की दिवसभर मी वर्गात काय शिकवलं ते मला सांगता येणार नाही. लेकराला आपण एक गोष्ट इतकी पक्की शिकवली की तिला ती टोचतसुद्धा नाही, याचं मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर आबांचा रागही आला. गेलेल्या माणसांचा मान ठेवावा, पण जित्या लेकरानं त्यासाठी जन्मच पुढं ढकलायचा?

संध्याकाळी आबा आले. हातपाय धुतले, ओसरीवर बसले. मी चहा ठेवला. मिस्टर आतल्या खोलीत होते, सकाळचा प्रकार मी त्यांना सांगितला होता आणि त्यांनी फक्त "आज नको बोलूस" म्हटलं होतं. मी बोलणारही नव्हते. अंगात त्राण नव्हतं.

मुलगीच आबांसमोर जाऊन बसली. "आबा, आज शाळेत माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी सांगितलं, आज आमच्या घरी दुखवटा असतो. बरोबर सांगितलं ना मी?"

शाबासकीसाठी विचारत होती. आबांनी बशी खाली ठेवली.

"व्हय," म्हणाले. "बरोबर सांगितलं." मग मला हाक मारली, "सूनबाई, हिला असं सांगायला कुणी शिकवलं?"

मी दारातच उभी होते. म्हटलं, "आबा, कुणी शिकवलं नाही. घरात बघून शिकली. तुमच्या जिवाला लागू नये म्हणून आम्ही…"

"मला कुणी इचारलं व्हतं का?" आबांचा आवाज चढला नव्हता. "मला वाटायचं, माझ्या लेकाला आईची आठवण येत आसंल. त्याला सोसायचं न्हाय. म्हनून म्याबी गप ऱ्हायलो." आतल्या खोलीत पलंग करकरला. मिस्टर दाराशी आले, पण बाहेर आले नाहीत.

सगळे एकमेकांचं मन राखत बसलो होतो, आणि राखलं कुणाचंच नव्हतं. मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

"माझी धाकटी गेली तवा हिच्याएवढीच व्हती," आबा म्हणाले. "तिचा वाढदिवस आमी कदी केला न्हाय. कसा करनार? ती कवा जन्मली ते तिच्या आईला बी नीट ठाव न्हवतं. सुगीचे दिस व्हते, एवढंच. शाळंत घालताना गुर्जींनी एक जून लावली. समद्या गावाच्या पोरांची एक जूनच. तिची मरायची तारीख तेवढी खरी ठाव हाय मला." ते थांबले. "हिची जन्माची तारीख ठाव हाय, तर ती बी आपून लपवून ठिवली."

मुलीनं विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

आबांनी नाव सांगितलं. लग्न होऊन मला इतकी वर्षं झाली, त्यांच्या तोंडून ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मिस्टर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

मुलीनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "मग आबा, आजची मी घेते. उद्याची एक तारीख मला नको आता. ती आपण आत्याला देऊ या का?"

आबांनी तिचा हात धरला. मग डोळे पुसून म्हणाले, "दे."