सोनईच्या बाजारातला पोरं धरणारा

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हते, अफवा मात्र लागतील तेवढ्या मिळत होत्या. पुणतांब्याच्या बाजूला नदीवर कुठेसा पूल बांधताहेत, तो काही केल्या उभा राहीना, म्हणून त्याच्या पायात बळी द्यायला लहान पोरे धरून नेतात, अशी हूल आमच्या गावात उठली होती. मी तेव्हा विशीतला, अंगापिंडाने बरा आणि अकलेने बेताचा.

थोरली बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची सहा वर्षांची मुलगी आणि त्याहून धाकटा मुलगा, दोघांना घेऊन मी सोनईच्या बाजाराला निघालो, तेव्हा तिने मला दारातच अडवले.

"पोरांचं बोट सोडू नगंस. कुनी खाऊ दिला तर घेऊ देऊ नगंस. तुझं ध्यान कुठं आसतं, मला ठावं हाय."

"आक्का, मी काय कुक्कुलं बाळ हाय?"

"बाळ आसतास तर पदराला बांधून ठेवला आसता. तू घोडा हायेस, हीच पंचाईत हाय."

बाजारात मी पहिल्यांदा न्हाव्याकडे गेलो. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, त्यामुळे तोंडाकडे माझे लक्ष जरा जास्तच असे. भाच्यांना लिंबाखाली शेजारी बसवले आणि साबण लावून घ्यायला डोळे मिटले. न्हावीही गप्पिष्ट. तो म्हणाला, "पोरं धरनारा ओळखायचा कसा? पांढरा फेटा, खांद्याला पडशी, आन हातात खाऊ." मी हं हं करत होतो. एक गाल झाला. डोळे उघडले, तर लिंबाखाली कुणी नाही.

तसाच उठलो. एका गालाला साबण, गळ्यात न्हाव्याचे फडके. चार दुकानांपलीकडे रेवड्यांच्या पाटीपाशी पोरे दिसली. समोर एक माणूस उकिडवा बसला होता. पांढरा फेटा, खांद्याला पडशी. भाचीचा हात त्याच्या हातात आणि भाच्याचे तोंड रेवड्यांनी भरलेले.

"धरा! पोरं धरनारा!"

मी इतक्या जोरात का ओरडलो, ते खरे सांगतो. पोरांची भीती होतीच. पण त्यांना सोडून मी दाढी करत बसलो होतो, हे कुणाला कळू नये म्हणून आवाज चढला. बाजारच धावून आला. पहिला फटका माझा. फेटा मातीत पडला, ओठातून रक्त आले. तो गृहस्थ नुसता म्हणत राहिला, "आहो, आयका तरी! मी तसला न्हाई!"

"मग कसला हायेस? गाव कंचं?" लोकांनी त्याची मानगूट धरली. कुणी काठी आणली. आणखी दोन-चार फटके बसते तर काय झाले असते, हा विचार आजही अंगावर काटा आणतो.

तेवढ्यात भाजीवाली एक म्हातारी मध्ये घुसली. "थांबा रं! त्या पोरीला तर इचारा. बाई, काय म्हनत हुता ह्यो तुला?"

भाची रडत रडत म्हणाली, "मामा दारू पितो का म्हनाला. घरी बैल किती हायेत म्हनाला. मामा आईवर खेकसतो का म्हनाला."

"आन तू काय सांगितलंस?"

"इडी वढतो म्हनलं. लपून."

म्हातारीने कपाळावर हात मारला. "आरं मुडद्यांनो! ह्यो पोरं न्ह्यायला न्हाई आला. नवरा बघायला आलाय!"

आमच्याकडे तशी रीतच होती. घरी पाहुणे आले की वाईट पोरगाही गाय होऊन बसतो. म्हणून मुलीकडचा एखादा शहाणा माणूस आधी गुपचूप बाजारात येऊन स्थळाची परीक्षा करी. हा बोलणी चाललेल्या मुलीचा मामा होता. मला नुसते पाहून जायचे आणि माझ्याशी काही बोलायचे नाही, असे ठरवून आला होता.

काठ्या खाली आल्या, लोक हसत पांगले. मी त्यांचा फेटा झटकून दिला आणि पाय धरले. त्यांनी रक्ताची गुळणी टाकली. तिच्याबरोबर पुढचा एक दात पडला. तो मातीत शोधावा की नाही, अशा विचारात ते क्षणभर बघत राहिले. मग म्हणाले, "पावनं, आधी दुसरा गाल करून या. लोक बघत्यात."

लग्न मोडले, असेच मी धरून चाललो. घरी बहिणीला फक्त एवढेच सांगितले की बाजारात दंगा झाला. पुढे होकार आला तेव्हा आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली.

मांडवात बायकांनी त्यांना विचारलेच, "मामा, दात कुठं गेला?"

"उसानं नेला," ते म्हणाले. "कवळा समजून चावला, निबर निघाला."

अंतरपाट बाजूला झाला. समोर नवरी होती, आणि तिच्या पाठीशी मामा उभे होते. त्या घडीला नवऱ्याने जिकडे बघायचे तिकडे मी बघितलेच नाही. मी मामांच्या तोंडाकडे बघत होतो. ते हसले, तशी मी मान खाली घातली, आणि घाईत माझ्या हातातली माळ बायकोच्या गळ्याऐवजी तिच्या कानाला अडकली.