राबाच्या तुकड्यावरचं घरटं

आमच्या गावच्या कलाकेंद्राची किल्ली माझ्याकडे होती. मी ती मागून घेतली नव्हती, गळ्यात पडली होती. गावाने श्रमदानातून एक लांबट हॉल बांधला, मागे एक खोली आणि मोरी काढली. मुंबईच्या एका संस्थेने वर कौलं घालून दिली आणि बदल्यात अट घातली. दर वर्षी माघात एक कलावंत इथे राहायला येईल, चैत्रापर्यंत आपलं काम करील, आणि शेवटी संस्थेची माणसं येऊन ते काम बघतील. आता या कलावंताचं जेवणखाण, चहापाणी कोण बघणार? शाळेतले बाकीचे मास्तर खोपोलीहून ये-जा करणारे. गावात राहणारी मी एकटी. 'बाईंना द्या,' असं ठरलं. मला कुणी विचारलं? नाव नको!

पहिल्या वर्षी आला तो चित्रकार. दोन महिने प्रबळगडाकडे तोंड करून बसला आणि शेवटी दाखवलं ते निळं. नुसतं निळं. एका म्हातारीने विचारलं, "यात डोंगर कुठाय रं?" तर म्हणाला, "डोंगर मी काढून टाकला." म्हातारी घाबरून ओट्यावर गेली आणि डोंगर जागेवर आहे ना, ते बघून आली.

दुसऱ्या वर्षी एक गवई आले. माणूस देवगुणी, पण पहाटे खर्ज लावायचे. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी पान्हा चोरायला लागल्या. गवळ्याने आधी हात जोडले, मग काठी घेतली. बुवांनी पंधराव्या दिवशी वळकटी बांधली.

मग सरपंचांना बोलायला तोंड मिळालं. त्यांना तो हॉल सोसायटीच्या खताच्या गोणी ठेवायला हवा होता. "बाई, युरिया निदान कुनाच्या म्हशीला तरास देत नाय," ते म्हणाले. त्यातच संस्थेचं पत्र आलं: यंदा काही ठोस झालेलं दिसलं नाही, तर आम्ही यातून अंग काढून घेऊ, हॉलचं गावाने वाटेल ते करावं.

खरं सांगते, कलेचं मला एवढं काही नव्हतं. मला पोरींचं होतं. सातवी झाली की आमच्याकडे मुलीची शाळा सुटायची ती सुटायचीच. तशा सात-आठ जणी दुपारी केंद्रात यायच्या. कागद, रंगखडू, जुनी मासिकं घेऊन तास-दोन तास बसायच्या, खिदळायच्या. घरी सांगायला कारण होतं, 'बाईंनी पाहुण्यांचं बघायला बोलावलंय.' हॉलमध्ये युरिया आला की त्या पोरींनी कुठलं कारण सांगून घराबाहेर पडायचं? ते मला आतून खात होतं.

तिसरी आली ती एक तरुण मुलगी. कर्जतला गाडीतून उतरून एसटीने धक्के खात आली. केस आखूड कापलेले, खांद्याला शबनम. मूर्तिकार आहे म्हटल्यावर गाव खूश. "गनपती करनार काय?" ती म्हणाली, नाही, मी इथे पडलेल्या वस्तूंतूनच काहीतरी घडवणार, विकतचं काही नको. गावाचं तोंड पडलं. पोरी मात्र तिच्या मागे-मागे. रोज गोवऱ्या, टहाळ, पालापाचोळा, पेंढा यांचे भारे आणून टाकायच्या.

हे सगळं रचायला तिला उघडी जागा हवी होती. केंद्राच्या मागे लागूनच आमचा राबाचा तुकडा. देशावरून सून म्हणून आले तेव्हा मलाही राब म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं, तिथे उन्हाळ्यात शेण, टहाळ, पाचोळा थरावर थर रचायचे, वर माती भुरभुरायची आणि सगळं सावकाश भाजून काढायचं. मग पावसाळ्यात त्या राखेत बी पेरायचं. मी यजमानांकडे जागा मागितली. आमचे यजमान म्हणजे दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारा माणूस. "देतो," म्हणाले. "पन चैत्रात मला लागंल."

मुलीने कामाला सुरुवात केली. खाली गोवऱ्या गोल मांडल्या, त्यावर टहाळ एकमेकांत गुंतवले, मधे पाचोळा चेपला, वर पेंढ्याची कड वळवली. खिळा नाही, सुतळी नाही. चांगली खाटेएवढी लांबरुंद आणि कमरेएवढी उंच वस्तू झाली. ती त्याला घरटं म्हणायची.

आणि काय सांगू, गाव बघायला यायला लागलं! दोन वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. शेतावर जाणारा माणूस बांधावर थांबायचा, मान तिरकी करायचा आणि मत द्यायचा. "टहाळ जरा दाबून बसवा." "हिकडं पातळ झालाय, पाचोळा घाला." लोधिवलीच्या बाजाराला निघालेला एक जण तर पाटी खाली ठेवून अर्धा तास तिला हाताने दाखवत बसला. मुलगी हरखून गेली. "बाई, मुंबईत इतक्या बारकाईने कोणी बघत नाही," असं म्हणाली. आता मला कळत होतं की ही मंडळी राबाबद्दल बोलताहेत. नाही कशाला म्हणू? पण गाव आणि कलावंत पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होते. म्हटलं, कशाला मोडता घाला. माझी अक्कल तिथे शेण खायला गेली.

संस्थेची माणसं रविवारी येणार होती. शनिवारी मुलगी कॅमेऱ्याचा रोल आणायला कर्जतला गेली. माझी सकाळची शाळा. वर्गात धुराचा वास आला, पण त्या दिवसांत चहूकडे धूरच असतो, मी लक्ष दिलं नाही. साडेअकराला घरी निघाले तर केंद्रामागे आमचे यजमान उभे. डोक्याला टॉवेल, तोंडाला काजळी, आणि चेहऱ्यावर असं हसू, जे मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"झालं गं तुजं काम," ते म्हणाले. "पोरीनी रचला ब्येस, पन उंच लय केलता. मी सगळीकडं सारका पसरला. माती घालायची ती इसरली व्हती, ती घातली. वाऱ्याच्या उलट्या अंगानी पेटवला. बग कसा एकसारका भाजलाय."

मी बांधावरच बसले. घरट्याच्या जागी काळी-करडी चटई पसरली होती आणि तिच्यातून बारीक धूर निघत होता.

"अहो, काय केलंत हे!"

"राब भाजला."

"ती कला होती!"

त्यांनी राखेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा राखेकडे बघितलं. "मंग सांगायचं नाय का?" म्हणाले आणि टॉवेल खांद्यावर टाकून तडक खळ्याकडे गेले. जेवायला आले नाहीत.

मुलगी दीडच्या एसटीने आली. मी सांगायला तोंड उघडण्याआधीच तिने पाहिलं. बांधावर बसून पोटभर रडली. मी चहा केला, तो निवला. मग तिने मोरीवर जाऊन तोंड धुतलं आणि विचारलं, "काका कुठायत?" मला वाटलं, आता हा माणूस शिव्या खाणार, आणि खाव्यात! जाऊन बघते तर ती खळ्यात त्यांच्यासमोर उकिडवी बसून विचारतेय, माती का घालतात, उलट्या वाऱ्याने का पेटवतात. आणि आमचे यजमान बोलताहेत. हातवारे करून बोलताहेत. वर्षभरात माझ्याशी बोलले नसतील इतकं त्या अर्ध्या तासात बोलले. माझा राग दुप्पट झाला.

रविवारी गाडी आली. तिघे जण होते, त्यात एक चष्मेवाल्या बाई मुख्य. सरपंच नवी टोपी घालून हजर. सोबत सोसायटीचे चिटणीस, त्यांच्या हातात हॉल मोजायला टेप. पाहुण्यांदेखत मोजायला सुरुवातही केली त्यांनी, काय म्हणावं या माणसांना! पोरी कडेला रांगेत उभ्या होत्या.

"काम कुठे आहे?" चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

मी घरून एक थाप तयार करून आणली होती. वणवा, वारा, उडालेली ठिणगी. तोंड उघडणार तोच मागून आवाज आला, "मी जाळलं."

आमचे यजमान होते. ग्रामसभेत हातसुद्धा वर न करणारा माणूस. "गुना माजा हाय," ते म्हणाले. "पन बाई, हाल बंद करू नका. तीन वर्सं मानसं येतात, आमी कंदी कुनाला इचारलं नाय की बाबा तू करतोस काय. या पोरीला दोन म्हयनं बगतोय, येक शब्द बोललो नाय. बोललो असतो तर जाळलं नसतं. आता बोलाया लागलोय तर तुमी बंद करताय."

चष्मेवाल्या बाईंनी राखेजवळ जाऊन वाकून बघितलं. मग त्यांनी सरपंचांना विचारलं, "याआधी गावातल्या कुणी कलावंताच्या कामाला हात लावला होता?" सरपंच म्हणाले, "छे, छे! कुनाची हिंमत?" बाई म्हणाल्या, "म्हणजे पहिल्यांदाच कुणी लावला. मग अजून एक वर्ष बघू." पण सरपंचही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. घासाघीस करून हॉलचा अर्धा भाग त्यांनी गोण्यांसाठी मिळवलाच. पुढे वर्षभर पोरी युरियाला टेकून चित्रं काढत होत्या. पण येत होत्या.

गाडी गेल्यावर आम्ही दोघं घराकडे चालत निघालो. पोरी वाचल्या म्हणून मला रडू येत होतं आणि राग काही उतरत नव्हता. मी म्हटलं, "अहो, तीन वर्षं मी त्या केंद्रात राबतेय, आणि तुम्हाला एवढं कळू नये की तिथे जे असतं ते कलेचं असतं?"

त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. मग म्हणाले, "तू रोज तितं जातीस. मी दारापर्यंत यायचो आन् परत जायचो. आत जाऊन बोलायचं काय, ते समजायचं नाय. यंदा बगितलं तर शेन, टहाळ, पाचोळा. म्हनलं, हे तर आपल्याला येतं."

तीन वर्षांत मी गावात घरोघर जाऊन केंद्रात या म्हणून सांगितलं होतं. आमच्या घरात सांगायचं राहून गेलं होतं.