त्यांच्या उत्तरापुरती जागा

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास माझा संसार नाशिकच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत चालायचा. मी मनमाडची, रेल्वेत खलाशी असलेल्या माणसाची लेक, बिनलग्नाची. पण माईकपुढचा लाल दिवा लागला की मी कुणाची तरी बायको व्हायचे आणि दिवा विझला की पुन्हा मी.

आमचं केंद्र ग्रामीण श्रोत्यांसाठी कार्यक्रम तयार करायचं. ते ऐकवलं जायचं दुसरीकडून. आम्ही फक्त फिती भरायच्या, डब्यात घालायच्या आणि नाशिकरोडहून गाडीने पाठवायच्या. त्यात एका शेतकरी जोडप्याच्या गप्पा असत. कांद्यावरचा करपा, पोरांना टोचून घेणं, विहिरीत टाकायचं औषध, हे सगळं नवरा-बायकोच्या कुरबुरीत गुंडाळून लोकांच्या गळी उतरवायचं. श्रोत्यांचे आम्ही भाऊ आणि वहिनी. माझ्या आवाजाला जिल्हाभर घरं होती, आणि मला स्वतःला या शहरात एक खोली मिळता मिळेना. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. शेवटी पंचवटीत एका बाईंनी दिली, पण मागच्या जिन्याची, आणि वर ‘आमच्या नळाला हात लावू नका’ हेही दिलं. त्या बाई संध्याकाळी रेडिओ लावून माझाच कार्यक्रम ऐकत, तोंडभर हसत. मी वरून ऐकायचे. सांगितलं मात्र कधी नाही. म्हटलं, हसतेय तर हसू दे.

भाऊ होणारे गृहस्थ बागलाणकडचे निवृत्त शिक्षक होते. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. बायको-मुलं गावाकडे शेती बघत आणि हे इथे खोली घेऊन एकटे राहत. दिवा लागला की मी त्यांना ‘अहो’ म्हणायचे आणि ते मला ‘अगं’. दिवा विझला की गुरुजी आणि बाई. एरवी ते बोलतच नसत. गालात ज्येष्ठमधाची काडी आणि घसा राखून ठेवलेला. मला आधी राग यायचा. एवढा काय शिष्टपणा? मग कळलं की माणूस मुळातच मुका आहे, बोलायला त्याला लिहिलेलं लागतं.

आणि मग मीच त्या लिहिलेल्यात माझं घुसवू लागले. दिवसभरात माझ्याशी धड बोलणारं दुसरं होतंच कोण? एकदा संवाद होता बियाण्याचा, आणि मी मध्येच म्हणून टाकलं, “आज भाजीत मुंगी निघाली बघा.” खरंच निघाली होती, माझ्या डब्यात. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट दचकला. गुरुजी शांतपणे म्हणाले, “खा, खा. मुंगी खाल्ली की पोहायला येतं. नाहीतरी पाणी भरायला नदीवरच जातेस ना?” मला एवढं हसू आलं की पुढचं बियाणं राहूनच गेलं. साहेब रागावले, पण फीत तशीच गेली. त्यानंतर रोज एखादं माझं खरं वाक्य मी आत सरकवायचे आणि ते उत्तर द्यायचे. माझी खोली, मालकीण, थंडीत न पेटणारा स्टोव्ह, भावाच्या घरी मनमाडला गेल्यावर होणारी अडचण, सगळं त्यांना असंच कळलं. दिव्याबाहेर त्यांनी त्यातलं एक अक्षर कधी काढलं नाही.

मग गुरुजींना खोकला सुरू झाला. आधी आम्ही तो कापायचो. फितीचा तुकडा काढून दोन टोकं चिकटवायची, झालं. पुढेपुढे कापायला खोकलाच जास्त निघू लागला. मुंबईला दाखवायचं ठरलं.

आमच्याकडे एक पद्धत होती, जागा सोडायची. दोघांपैकी एकजण नसला तर दुसऱ्याने आपली वाक्यं बोलून घ्यायची आणि समोरच्याच्या उत्तरापुरती फीत कोरी फिरू द्यायची. तो आल्यावर आपलं त्यात भरायचा. गुरुजी निघाले त्या दिवशी साहेबांनी तेच सांगितलं. दारात पिशवी घेऊन उभे असताना गुरुजी मला म्हणाले, “बाई, शेवटी विनोदाची जागा सोडा. चांगलं हसून ठेवा.”

“विनोद कोणता?”

“ते आल्यावर.”

मी बसले. समोरची खुर्ची रिकामी. मी माझं वाक्य म्हणायचे आणि त्यांचं मनातल्या मनात, त्यांच्याच चालीत. काडी या गालातून त्या गालात जायला लागायचा तेवढा वेळसुद्धा धरायचे. शेवटी जागा सोडली आणि हसले. माहीत नसलेल्या विनोदाला इतकं मोकळं हसता येतं हे मला ठाऊक नव्हतं. गुरुजी आल्यावर काय बोलतील याचंच ते हसू होतं.

गुरुजी आले नाहीत. ऑफिसात फोन आला, तोही गावाहून, सगळं आटोपल्यावर.

दहाव्याला केंद्राची जीप जाणार होती. मी पातळ बदलून आले, तर साहेबांनी बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. चाचरत म्हणाले, “तुम्ही नका येऊ. गावात सगळे कार्यक्रम ऐकतात. त्यांची घरची मंडळी तिथे असणार. तुम्हाला बघून उगाच कुजबुज...” रेकॉर्डिस्ट गेला, साहेब गेले, शिपाईसुद्धा गेला. मी जीपची धूळ बघत राहिले. गुरुजींच्या बायकोला लोक भेटायला येत होते, आणि ते बरोबरच होतं. पण माझंही कोणीतरी गेलं होतं, आणि ते कोण म्हणून गेलं हे मला सांगता येत नव्हतं. ज्याचं नाव सांगता येत नाही त्या दुःखाला सांत्वनाला येणार कोण? मी खोलीवर गेले, भात लावला, खाल्ला. रडू आलं नाही. कोणत्या अधिकाराने रडायचं, असंच वाटत राहिलं.

आठवड्याने साहेबांनी नाटकात काम करणारा एक तरुण आणला. नवा भाऊ. कार्यक्रम थांबवता येत नव्हता आणि कोऱ्या जागांची फीत तयारच होती. मी म्हटलं, “सगळं नव्याने बोलते. त्या जागांत दुसरं कोणी नको.” साहेब म्हणाले, “तुमचं झालंय की उत्तम. पुन्हा कशाला?”

मी काचेबाहेर उभी राहिले. तरुण हुशार होता. एकेक जागा त्याने नीट भरली. शेवटच्या जागेसाठी साहेबांनी मापाने एक विनोद लिहून दिला होता, म्हशीचा. त्याने तो केला आणि मी हसले. म्हणजे फितीवरची मी. बरोबर वेळेला, अगदी मनापासून. रेकॉर्डिस्टने मान डोलावली. मला त्या बाईचा, त्या हसणाऱ्या बाईचा, इतका संताप आला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने मागच्या अंगणात गेले. डबा त्याच दिवशी नाशिकरोडला गेला.

पुढे थंडी सरताना सुरगाण्याकडच्या काही बायका भातलावणीची गाणी म्हणायला जीपमधून आल्या. स्टुडिओत सतरंजीवर बसल्या. त्यांच्यातल्या म्हातारीने माझा आवाज ऐकला आणि उठून थेट माझ्यापुढे आली.

“वहिनी तूच का?”

“हो.”

“घरधनी कुठं हाय तुझा?”

रेकॉर्डिस्ट पुढे सरसावला. “आजी, ते खरं नसतं. ते आपलं—”

“तुला नाय इचारलं.” तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. “आता आवाज दुसऱ्याचाच येतो. पोरगा म्हणतो, पडसं झालं आसंल. मी म्हणलं, नाय. हिचा माणूस गेला.”

“गेले,” मी म्हणाले. हे मी कुणापुढे पहिल्यांदाच म्हणत होते.

तिने मला हाताला धरून सतरंजीवर बसवलं.

“लेकरं?”

“नाहीत.”

“सासरचं कोण?”

“कोणी नाही.”

“म्हायेरी?”

“भाऊ आहे. जाणं होत नाही.”

मी एकही शब्द खोटा बोलत नव्हते. म्हातारीने आपला खरखरीत हात माझ्या डोक्यावर ठेवला.

“रडली नाहीस अजून,” ती म्हणाली. “रड. आम्ही हायेत हितं.”

बाकीच्या बायका सरकून भोवती बसल्या. रेकॉर्डिस्ट दार ओढून बाहेर गेला. मी रडले, कितीतरी वेळ, बाई नवऱ्यासाठी रडते तशी. त्या दिवशी गाणी झाली नाहीत.