गादीखालची पट्टी

बाबांना न्यूमोनियाने गाठलं ते ऐन नवरात्राच्या तोंडावर. बाळकुमला त्यांच्या घराजवळच्याच हॉस्पिटलात ठेवलं होतं. आई दिवसभर त्यांच्याजवळ आणि मी डोंबिवलीहून डबा घेऊन हजर. ताप उतरला आणि बाबांनी टुमणं लावलं, घट बसायच्या आत मला घरी न्या. आमच्याकडे घट तेच बसवतात. माती चाळण्यापासून सगळं स्वतः करतात, कुणाला हात लावू देत नाहीत.

त्यांच्या गादीखाली एक पट्टी होती. अंगाला वायरी नाहीत, बोटाला चिमटा नाही. पेशंट नुसता पडून राहिला की त्याचे ठोके आणि श्वास सिस्टरांच्या टेबलावरच्या स्क्रीनवर दिसत. बाबांना ते पटत नव्हतं.

"गादीला काय कळतंय?"

"तुमच्यापेक्षा बरं कळत असेल," आई म्हणाली. "शिवाय ती गप्प असते."

ठोके दिवसभर नीट राहिले की सोडतो, असं डॉक्टर म्हणाले होते. सकाळी सगळं छान असायचं, पण दुपारी जेवणानंतर स्क्रीनवर ठोके भलतेच वाढायचे, तेही वेडेवाकडे. सिस्टर येऊन बघायच्या तर बाबा पलंगावर आरामात पेपर वाचत बसलेले. ईसीजी काढला तर तोही उत्तम. तरी डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस बघू. बाबा भडकले. दुसऱ्या दिवशीही तेच.

घट बसायच्या आदल्या दुपारी मी सिस्टरांच्या टेबलाशीच होते. स्क्रीनवर पुन्हा गडबड दिसली तशी सिस्टर निघाल्या आणि त्यांच्यामागून मीही. खोलीत पलंगावर चादर ओढून आई गाढ झोपलेली, आणि पेशंट शेजारच्या खुर्चीत. बाबांनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू. आत्ताच डोळा लागलाय तिचा. या खुर्चीत पाठ धरते हो तिची."

रोज दुपारी त्यांचं हेच चालायचं. सिस्टरांची चाहूल लागली की दोघं पटकन जागा बदलायची. आज आईला जाग आली नाही, एवढंच. मला हसू आवरेना. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आईचं मनगट हातात घेतलं.

"म्हणजे हे ठोके यांचे आहेत."

आईला गेले काही महिने धाप लागत होती आणि ती सगळं वयावर ढकलत होती. डॉक्टर म्हणाले, ठोके अनियमित आहेत, वेळेत कळलं ते बरं झालं. औषधाने आटोक्यात येईल, पण राहावं लागेल.

संध्याकाळी बाबांना डिस्चार्ज मिळाला आणि आईला त्याच पलंगावर दाखल केलं. मी बाबांची पिशवी भरली आणि म्हटलं, "चला, तुम्हाला घरी सोडून येते. सकाळी घट बसवायचेत ना?"

बाबांनी खुर्ची पलंगाला चिकटवली.

"तू बसव. माती नीट चाळून घे, खडे राहतात," ते म्हणाले. "मी हिला घेतल्याशिवाय त्या घरात जाणार नाही."